मौन आणि संमति : मराठी रंगभूमीवर व पडद्यावर स्त्रीचा होकार

‘मौनं संमतिलक्षणम्’ हें वचन मराठी घरांत संस्कृत न जाणणाऱ्यालाहि पाठ असतें. पाहण्यास आलेल्या मंडळींपुढें मुलगी खालीं मान घालून बसली, कीं कोणी वडीलधारा गृहस्थ हसून हें वचन उच्चारतो, आणि बैठक पुढील विषयाकडे, म्हणजे देण्याघेण्याकडे, वळते. मुलीच्या मनांत नकार असला तर तो तिनें कोणापुढें, कोणत्या क्षणीं व कोणत्या शब्दांत द्यावा, याची तरतूद त्या बैठकींत कोठेंच केलेली नसते. जी गोष्ट बैठकीची तीच दीर्घकाळ करमणुकीची होती. संगीत नाटक, बोलपट, तमाशाप्रधान चित्रपट या साऱ्यांनीं प्रेम व विवाह हा विषय अहोरात्र हाताळला. परंतु ‘हिला हें मान्य आहे काय?’ हा प्रश्न त्यांनीं किती वेळां विचारला, आणि विचारला तेव्हां उत्तर कोणाच्या तोंडून वदविलें, हें पाहूं लागलें म्हणजे शंभर-सव्वाशें वर्षांचा एक निराळाच इतिहास डोळ्यांपुढें येतो.

या इतिहासाचा आरंभ अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्रा’पासून करणें योग्य होईल. १८८२ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचें कथानक महाभारताच्या आदिपर्वांतलें. तें म्हणजे सुभद्राहरण. पण मूळ कथेंत आणि नाटकांत एक फरक आहे, आणि तो सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. महाभारतांत अर्जुन सुभद्रेला पाहून मोहित होतो, तेव्हां श्रीकृष्ण त्याला सांगतो, कीं क्षत्रियांना स्वयंवर हा मार्ग विहित आहे खरा, परंतु स्त्रीच्या मनाचा भरंवसा नसल्यामुळें तो संशयास्पद आहे. यास्तव तूं तिला बळानें हरण कर. म्हणजे सुभद्रेला निवड करण्याची संधि मिळाली तर ती कदाचित् दुसऱ्याला वरील, एवढ्याच कारणास्तव ती संधि तिला मिळूं द्यावयाची नाहीं! किर्लोस्करांना हें रुचलें नसावें, अथवा एकोणिसाव्या शतकाच्या प्रेक्षकाला रुचणार नाहीं हें त्यांनीं ओळखलें असावें. त्यांची सुभद्रा पहिल्यापासून अर्जुनावर अनुरक्त आहे. तिला बलरामानें योजिलेला दुर्योधन नको आहे. घटोत्कच तिला उचलून नेतो तो तिच्या इच्छेविरुद्ध नव्हे तर तिच्या वडील बंधूच्या इच्छेविरुद्ध. हरणाच्या कथेंत वधूची संमति आधींच पेरून ठेवल्यामुळें प्रेक्षकाला निर्धास्तपणें हसतां येतें. मराठी नाटककारानें संमतीची आवश्यकता मानली, असें या फरकावरून म्हणतां येईल. मात्र ती संमति सुभद्रा कोणालाहि उघडपणें देत नाहीं. सारें सूत्र श्रीकृष्णाच्या हातीं. भगिनीचें मन त्याला ठाऊक आहे, एवढें पुरे.

‘सौभद्रा’चे प्रयोग गाजत असतांच मुंबईच्या न्यायालयांत एक खरीखुरी स्त्री आपला नकार शब्दांनीं मांडीत होती. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईंना नांदावयास पाठवावें, असा दावा त्यांचे पति दादाजी भिकाजी यांनीं १८८४ सालीं लावला. १८८५ सालीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो फेटाळला. अपिलानंतर तो फिरून चालला, आणि १८८७ सालीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं पतिगृहीं जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा हुकूम केला. रखमाबाईंनीं कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. लहानपणीं आपणांस न विचारतां झालेलें लग्न आपणांस बांधून ठेवूं शकत नाहीं, हें त्यांचें म्हणणें होतें. १८८८ सालीं दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलें. पुढें त्या विलायतेंत वैद्यकी शिकून आल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ रुग्णसेवा केली. एवढें नाट्य ज्या प्रकरणांत भरलेलें होतें, त्यावर त्या काळच्या एकाहि मोठ्या नाटक मंडळीनें आपला पडदा उघडला नाहीं. नाटकें निघालीं तीं बहुधा सुधारणेची टवाळी करणारीं. नारायण बापूजी कानिटकर यांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ १८८६ ची. शिकलेली स्त्री घर कसें बुडविते, हें तींत दाखविलें आहे. संमतिवयाच्या वादावरहि त्यांनींच पुढें एक नाटक रचलें.

तो वाद १८९१ चा. बंगाल्यांत दहा-अकरा वर्षांची एक बालिका पतीच्या अत्याचारानें मरण पावली, आणि बेहरामजी मलबारी यांच्या चळवळीला धार आली. दंडविधानांतील संमतीचें वय दहावरून बारा वर्षें करणारा कायदा १८९१ च्या मार्चांत मंजूर झाला. टिळकांनीं ‘केसरी’तून त्यास विरोध केला, तो परकी सरकारनें धर्मांत हात घालूं नये म्हणून, आगरकरांनीं ‘सुधारका’तून त्याचा जोरदार पुरस्कार केला, डॉक्टर भांडारकरांनीं शास्त्राधार पुरविले. ‘संमति’ हा शब्द घरोघर पोंचला तो या वादामुळें. परंतु ध्यानांत ठेवण्याजोगें हें, कीं कायद्यांतली संमति म्हणजे मुलीची इच्छा नव्हे. तें वय होतें. बारा वर्षें पुरीं झालीं कीं विवाहितेची संमति गृहीत. आणि तेंहि ब्रिटिश मुलखांत. परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू हा सारा प्रदेश निजामाच्या राज्यांत असल्यामुळें पुण्यांतला हा गदारोळ तेथें ऐकूं आला असला तरी कायदा म्हणून लागू झाला नाहीं.

आठ वर्षांनीं गोविंद बल्लाळ देवलांचें ‘संगीत शारदा’ आलें. किर्लोस्कर मंडळीनें १८९९ सालीं इंदूर येथें त्याचा पहिला प्रयोग केला. देव, राजे व ऋषि यांना बाजूस सारून देवलांनीं एका गरीब भिक्षुकाचें घर रंगभूमीवर आणलें. कांचनभट हा द्रव्यलोभी बाप. भुजंगनाथ हा श्रीमंत, दंतहीन, पुनः बोहल्यावर चढण्यास उतावीळ झालेला म्हातारा. भद्रेश्वर दीक्षित हा मध्यस्थ. आणि हतबल माता इंदिरा. शारदेच्या मैत्रिणी थट्टा करतात, प्रेक्षक पोट धरधरून हसतात, आणि तेवढ्यांत शारदा आपली भीति सांगूं लागली म्हणजे प्रेक्षागृहांत चिडीचुप होतें. तिच्या पदांनीं कित्येक पिढ्यांना रडविलें. ‘जरठकुमारी विवाह’ हा शब्दप्रयोग या नाटकाच्या अनुषंगानें सर्वतोमुखीं झाला, आणि म्हाताऱ्या नवरदेवाला ‘भुजंगनाथ’ म्हणण्याची चाल गांवोगांव पडली. एका नाटकानें एक सामाजिक चाल हास्यास्पद करून टाकावी, याहून मोठें यश तें कोणतें?

तरी नाटकाची घडी बारकाईनें उलगडली तर एक गोष्ट खटकते. मंडपांत लग्न लागत असतां तें थांबतें कशानें? शारदेच्या नकारानें नव्हे. आईजवळ तिनें आपलें दुःख सांगितलेलें आहे, मैत्रिणींना तें माहीत आहे, बापालाहि माहीत आहे. त्यानें कांहींच थांबत नाहीं. कोदंड हा तरुण सुधारक पुढें येऊन वधू व वर सगोत्र असल्याचें उघड करतो, आणि मग मात्र सारे हबकतात. वर सत्तरीचा आहे हा दोष नव्हे, वधू नको म्हणते हाहि दोष नव्हे. दोघांचें गोत्र एक, हा दोष! शारदा नदीवर जीव देण्यास जाते, कोदंड तिला वांचवितो, आणि शंकराचार्यांच्या अनुज्ञेनें त्या दोघांचा विवाह होतो. तेथेंहि अनुज्ञा आचार्यांची. देवलांना आपल्या प्रेक्षकाची नस ठाऊक होती. १८९९ च्या प्रेक्षकाला शास्त्र दाखविल्याशिवाय लग्न मोडलेलें पटलें नसतें, हें त्यांनीं जाणलें, आणि म्हणूनच नाटक चाललें. त्यांना याबद्दल बोल लावणें अन्यायाचें होईल. परंतु मुलीच्या नुसत्या ‘नाहीं’ला मंडपांत काय किंमत होती, याचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा सांपडणार नाहीं.

याच नाटकाच्या प्रयोगाच्या वेळीं, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत, २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यानें कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्यानंतर लवकरच, १९१० च्या आरंभीं, सरकारनें दुसऱ्या एका नाटकावर बंदी घातली. तें म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें १९०७ सालचें ‘कीचकवध’. विराटाच्या घरीं दासी म्हणून राहिलेल्या सैरंध्रीवर राणीचा भाऊ कीचक हात टाकूं पाहतो, आणि भीम त्याचा वध करतो. खाडिलकरांचा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमि, शांतीचे पाठ देणारा युधिष्ठिर म्हणजे नेमस्त पक्ष, आणि भीम म्हणजे जहाल, हें सांगावयास कोणी भाष्यकार लागत नव्हता. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकारानें आपल्या ग्रंथांत या नाटकाची मुद्दाम दखल घेतली.

मराठी रंगभूमीवर स्त्रीवरील बळजबरीचें एवढें प्रखर चित्र तोंवर आलेलें नव्हतें. कीचकाचा मद, राणी सुदेष्णेचें दुबळें साहाय्य, राजसभेचें मौन, हें सारें खरें आहे. अत्याचाऱ्याला घरांतलींच माणसें वाट करून देतात, हें खाडिलकरांनीं अचूक दाखविलें. परंतु प्रेक्षक संतापून टाळ्या वाजवीत असे तो देशाच्या मानहानीबद्दल. सैरंध्रीच्या जागीं कोणी दासी असती, केवळ दासी, तर तो तितकाच संतापला असता काय? स्त्रीची विटंबना हें राष्ट्राच्या विटंबनेचें रूपक झालें, म्हणजे विटंबना झालेली बाई रूपकामागें दिसेनाशी होते. पुढें अनेक ऐतिहासिक नाटकांनीं व चित्रपटांनीं हीच वाट धरली. त्यांतला यवन वा गोरा खलपुरुष नायिकेचा पदर ओढतो, नायक धांवून येतो, आणि शेजारच्या वाड्यांतला पाटील काय करतो हें कोणी विचारीत नाहीं.

या साऱ्या भूमिका पुरुषच करीत, हेंहि विसरतां कामा नये. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या शालू नेसण्याचें व दागिन्यांचें अनुकरण खानदानी स्त्रिया करीत. स्त्रीनें लाजावें कसें, रुसावें कसें, ‘नाहीं’ म्हणत होकार कसा सुचवावा, याचे धडे एका पुरुषानें दोन पिढ्यांना दिले. त्या गंधर्वकंठापुढें टीका लुळी पडते, तें असो. परंतु लटक्या नकाराची ती मोहक तऱ्हा इतकी लोकप्रिय झाली, कीं खरा नकार ओळखण्याची संवयच प्रेक्षकाला राहिली नाहीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

१९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक आणलें, आणि त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या. ज्योत्स्नाबाई भोळे यांचें नांव त्यामुळें घरोघर झालें. श्री. वि. वर्तकांनीं हें नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसन या लेखकावरून घेतलें होतें. वाग्दत्त वराचें पूर्वचरित्र कळल्यावर वधू त्याला नाकारते, आणि स्त्रीकडून जी शुद्धता मागतां ती पुरुषाकडूनहि मागा असें म्हणते, हें त्याचें सार. नकार देण्यास स्त्रीचा देह व स्त्रीचा आवाज मिळाला तो असा, आणि तोहि नॉर्वेच्या वाटेनें.

चार वर्षांनीं प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ झळकला. व्ही. शांताराम यांचें दिग्दर्शन. नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून कथा. नीरा म्हणजे शांता आपटे आणि वृद्ध वकील काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. फसवून लावलेल्या या लग्नांत नीरा सासरीं येते, पण पत्नी होण्याचें नाकारते. खोलीचें दार ती आंतून लावून घेते. शारदेला वांचविण्यास कोदंड आला होता; नीरेला कोणी वांचवावयास येत नाहीं, आणि तिला तशी अपेक्षाहि नाहीं. वयानें तिच्याहून मोठा सावत्र मुलगा अंगचटीस येऊं लागतो, तेव्हां ती छडी घेऊन त्याला बडविते. पार्श्वसंगीत त्या चित्रपटांत नाहींच. भिंतीवरील जुन्या घड्याळाची टिकटिक मात्र सारखी ऐकूं येते. म्हातारा आरशांत पाहून केंस काळे करतो, तो प्रसंग पाहतांना हसूं येतें आणि दयाहि येते. दात्यांच्या अभिनयाचें मोठेपण हें, कीं काकासाहेब राक्षस वाटत नाहींत. समाजानें दिलेला हक्क वापरणारा तो एक साधा, भित्रा माणूस आहे, आणि म्हणूनच तो प्रेक्षकाला आपल्या घरांतला वाटतो.

विवाहित स्त्रीहि पतीला ‘नाहीं’ म्हणूं शकते, ही गोष्ट १९३७ सालीं मराठी पडद्यावर इतक्या स्पष्टपणें सांगितली गेली. कायद्यानें ती अद्यापि सांगितलेली नाहीं. अठरा वर्षांवरील पत्नीशीं तिच्या इच्छेविरुद्ध केलेला संग हा बलात्कार नव्हे, हा जुन्या दंडविधानांतला अपवाद १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि कायम आहे. पडदा कायद्याच्या पुढें गेल्याचें हें एक दुर्मिळ उदाहरण होय. मात्र ‘कुंकू’चा शेवट पहा. काकासाहेब पश्चात्तापानें आत्मघात करतात, व नीरेला दुसरें लग्न करण्यास सांगणारें पत्र ठेवून जातात. तिला मोकळें करावयास दुसरा उपाय कथेपाशीं नव्हता, कारण समाजापाशींहि नव्हता. मुंबई इलाख्यांत हिंदूंना घटस्फोटाचा कायदा मिळाला तो १९४७ सालीं.

नाट्यगृहें व बोलपट ही शहरची मिरास. परभणीसारख्या जिल्ह्यांत बाईमाणसांची करमणूक म्हणजे कीर्तन, गोंधळ, जत्रा, आणि पहांटेचें जातें. गंगाखेड ही संत जनाबाईची जन्मभूमि. नामदेवांच्या घरची ही दासी. तिनें आपल्या अभंगांत लोकलज्जा झुगारून भर बाजारांत उभें राहण्याची भाषा केली, आणि ती भाषा सातशें वर्षें कीर्तनकारांच्या तोंडीं आहे. तिचा अर्थ भक्तीपुरताच घ्यावा, असा दंडक आहे. जात्यावरच्या ओवीला तेवढाहि दंडक नव्हता, कारण ती ऐकावयास पुरुष हजर नसत. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनीं पुण्याहून जो एक लक्षाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला, त्यांत परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या बायकांचाहि आवाज आहे. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांत विपुल. देवळांतला राम निराळा आणि जात्यावरचा निराळा. गरोदर बायकोला न विचारतां रानांत धाडणाऱ्या नवऱ्याबद्दल जात्याशीं बसलेल्या बाईला जें वाटतें, तें ती सीतेच्या नांवानें बोलून मोकळी होते. दळणाच्या गिरण्या आल्या आणि हें व्यासपीठ बंद पडलें. इतिहासकारांनीं पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांना जेवढीं पानें दिलीं, त्यांतलीं चार या जात्याला दिलीं असतीं तर बरें झालें असतें.

ग्रामीण प्रेक्षकानें डोक्यावर घेतला तो तमाशाचा चित्रपट. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ सालचा. पुण्याच्या विजयानंद चित्रगृहांत तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला. गांवचा मातबर माणूस एका बाईवर अत्याचार करतो; तिची मुलगी तमाशाच्या फडांत वाढते; आणि शेवटीं फडावरूनच साऱ्या गांवासमोर त्या पापाची वाच्यता होते. अत्याचाऱ्याला यवन वा गोरा न करतां गांवचाच धनी केला, हें या चित्रपटाचें मोठें धैर्य. जिच्यावर अत्याचार झाला ती बाई मात्र मरते. पुढें कित्येक मराठी व हिंदी चित्रपटांचा हा ठराविक सांचाच होऊन बसला. शील गेलेल्या बाईनें विहीर गांठावी, आणि सूड भावानें किंवा प्रियकरानें घ्यावा.

याच चित्रपटांत काम केलेल्या हंसा वाडकर यांनीं आपल्या आत्मकथनाला ‘सांगत्ये ऐका’ हेंच नांव दिलें. तें १९७० सालीं पुस्तकरूपानें निघालें. घर सोडून एका गृहस्थाबरोबर गेलेली ही नटी मराठवाड्यांतील एका आडगांवीं जवळजवळ कोंडलेल्या स्थितींत राहिली. तेथून सुटतांना ज्या अधिकाऱ्यासमोर जावें लागलें, त्याच्याकडूनहि अत्याचार झाला, असें ती सांगते. ती मेली नाहीं, तिनें सांगितलें. श्याम बेनेगल यांनीं १९७७ सालीं ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट या पुस्तकावरून केला. मराठी चित्रपटानें लिहिलेल्या कथेहून मराठी नटीचें आयुष्य अधिक बोलकें निघालें.

अत्याचारित स्त्रीच्या मरणाला दुसरा एक पर्याय कथाकारांनीं शोधला आहे. तो म्हणजे अत्याचार करणाऱ्याशींच तिचें लग्न. मलेशियांत २०११ सालीं ‘ओम्बाक रिंदु’ नांवाचा मलय चित्रपट एका लोकप्रिय कादंबरीवरून निघाला. चुलत्यानें विकलेली नायिका, तिच्यावर बळजबरी करणारा श्रीमंत तरुण, त्यालाच ती लग्नाची विनवणी करते, आणि कालांतरानें दोघांचें प्रेम जुळतें, असें त्याचें कथानक. प्रेक्षकांनीं त्यावर उड्या टाकल्या. तेथील विचारी स्त्रियांनीं कडक आक्षेप घेतले. मराठी वाचकानें दूरच्या देशाची गोष्ट म्हणून याकडे पाहूं नये. मुलीची अब्रू वांचविण्यासाठीं तिला त्याच माणसाच्या गळ्यांत बांधण्याची तडजोड आपल्या गांवगाड्याला अपरिचित नाहीं.

विजय तेंडुलकरांचें ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ सालीं आलें. लीला बेणारे या अविवाहित शिक्षिकेवर सहकारी मंडळी खेळ म्हणून खटला भरतात, आणि खेळ खरा होतो. शेवटीं ती बोलते, दीर्घ बोलते. पण त्या वेळीं रंगमंचावरील सारीं पात्रें निश्चल होतात, म्हणजे तिचें म्हणणें प्रेक्षकाला ऐकूं जातें आणि न्यायालयाला नाहीं. १९७२ सालीं ‘सखाराम बाइंडर’ आलें. नवऱ्यांनीं टाकलेल्या बायका आश्रयाच्या मोबदल्यांत घरीं आणून ठेवणारा हा बुकबाइंडर त्यांच्यापुढें अटी अगोदर स्पष्ट मांडतो आणि त्या मान्य करवून घेतो. जिला जावयाला दुसरें घर नाहीं, तिच्या होकाराला संमति म्हणावें काय, हा प्रश्न त्यापूर्वीं इतक्या उघड्या शब्दांत कोणी रंगभूमीवर टाकलेला नव्हता. चंपा ही त्याची दुसरी आश्रिता दारू पिऊन शुद्ध हरपल्याशिवाय त्याला जवळ येऊं देत नाहीं. अश्लील म्हणून ओरड झाली. परीक्षण मंडळानें कात्री लावली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि प्रयोग चालू राहिले.

त्याच १९७२ च्या मार्चांत तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील देसाईगंज येथें, पोलिस ठाण्यांत, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनीं अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयानें १९७४ सालीं आरोपी सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें १९७६ सालीं त्यांना शिक्षा दिली, आणि ती देतांना स्पष्ट म्हटलें, कीं भीतीनें शरण जाणें म्हणजे संमति नव्हे. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला. अंगावर जखमा नाहींत, आरडाओरड नाहीं, सबब प्रतिकार नाहीं, सबब संमति, असा तो युक्तिवाद. लग्नघरांतलें जुनें वचन देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनावर जाऊन बसलें होतें. आणि न्यायासनावरील माणसेंहि तींच नाटकें व तेच चित्रपट पाहत वाढलेलीं, ज्यांत खरी शीलवती किंचाळते, बांगड्या फुटतात, आणि मग ती मरते. जी मेली नाहीं व किंचाळली नाहीं, तिची कथा कोणीच पाहिलेली नव्हती.

१९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनीं सरन्यायाधीशांना खुलें पत्र लिहिलें, आणि देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ सालीं कायदा बदलला. कोठडींतील स्त्रीनें संमति नव्हती असें न्यायालयांत सांगितलें, तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें, असें ठरलें. त्याच वर्षीं ज्योति म्हापसेकरांचें ‘मुलगी झाली हो’ हें नाटक स्त्री मुक्ति संघटनेनें आणलें, आणि तें नाट्यगृहाची वाट न पाहतां वस्त्यांतून व खेड्यांतून फिरलें. आदल्या वर्षीं जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ येऊन गेला होता. निराधार स्त्रियांच्या आश्रमांत चालणारा व्यापार व त्यावर पांघरूण घालणारे प्रतिष्ठित विश्वस्त त्यानें स्मिता पाटील यांच्या डोळ्यांनीं दाखविले.

एवढें झाल्यावरहि बाजारी चित्रपटांची रीत फारशी पालटली नाहीं. नायिकेचा रस्ता अडविणें, तिच्या मागें हिंडणें, तिनें झिडकारलें कीं तेंच प्रेमाचें चिन्ह मानणें, ही नायकाची लीला म्हणून दोन-तीन पिढ्यांनीं पाहिली व अनुकरली. २०१३ च्या दुरुस्तीनें असा पाठलाग हा गुन्हा ठरविला. त्याच दुरुस्तीनें संमतीची व्याख्या केली. शब्दांनीं वा कृतीनें दिलेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार ती संमति. आणि केवळ शरीरानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति मानूं नये.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ सालचा. परशा आर्चीकडे चोरून पाहतो, पण आर्ची उलट त्याच्यावर डोळे रोखते आणि काय पाहतोस म्हणून विचारते. होकार तीच देते, ट्रॅक्टर तीच चालविते, वेळ आल्यावर पिस्तूलहि तीच उचलते. पूर्वीचे उत्पन्नाचे सारे उच्चांक या चित्रपटानें मोडले. मराठवाड्यांतील पोरांनीं तो पुनः पुनः पाहिला. प्रियकर परशाहि परमुलखांत संशयानें तिच्यावर हात उगारतो, हें मात्र गाण्यांच्या धुंदींत पुष्कळांच्या ध्यानांत राहिलें नाहीं. जिनें आपली संमति आपण दिली, तिला तिचा सख्खा भाऊ त्याची किंमत मोजावयास लावतो.

परभणी जिल्ह्यांतील चित्र पुन्हा देवलांकडे नेतें. २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं अठराव्या वर्षाच्या आंत लग्न झालेल्या या जिल्ह्यांत सुमारें ४८ टक्के आढळल्या; महाराष्ट्राचें प्रमाण सुमारें २२ टक्के होतें, आणि राज्यांत परभणीचा आंकडा सर्वांत वरचा. भुजंगनाथ आतां क्वचित् आढळतो. नवरदेव वीस-बावीस वर्षांचा असतो. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीला उचल मिळते, एकट्याला काम मिळणें कठीण. दोघेंहि फडावर गेल्यावर वयांत आलेली मुलगी मागें कोणाजवळ ठेवावी, ही आईची रास्त धास्ती. दिवाळीनंतर टोळ्या निघण्यापूर्वीं घाईनें लग्नें उरकतात तीं अशीं.

त्यांतलें एखादें थांबतें. कोणी मैत्रीण, कोणी शिक्षक, कोणी अंगणवाडीची बाई १०९८ या क्रमांकावर कळविते. ग्रामसेवक, जो कायद्यानें बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, पोलिसांसह मंडपांत येतो. अक्षता हातांत तशाच राहतात. मग शाळेचा दाखला मागविला जातो, जन्मतारीख पाहिली जाते, आणि बापाकडून मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत लग्न करणार नाहीं असें लिहून घेतलें जातें. कागदावर बापाची सही असते, पंचांची असते, ग्रामसेवकाची असते. मुलगी आंत बायकांत बसलेली असते.